टोपी कुंपणाच्या आत

हप्सा दाएंग कानांगच्या डाव्या हाताची दोन बोटं वळत नाहीत. करंगळी आणि तिच्या शेजारचं. मकास्सरच्या ज्या खासगी विद्यापीठात ती पहिल्या वर्षाच्या पोरांना इंडोनेशियन भाषा शिकवते, तिथे या बोटांबद्दल दर वर्षी नव्या कथा निघतात. कुणी म्हणतं, नवऱ्याने दार आपटलं त्यात चेंगरली. कुणी म्हणतं, घोडा चावला. तिला नवरा कधी नव्हताच, पण पोरांना त्याची काय फिकीर. घोड्याची कथा निदान गावाला शोभणारी आहे, कारण हप्सा आमच्या जेनेपोंतोची, आणि आमच्याकडे माणसाच्या आधी त्याच्या घोड्याची विचारपूस होते.

खरी गोष्ट सुऱ्याची आहे. हप्सा नुकती शाळेत जाऊ लागली होती तेव्हा तिची थोरली बहीण केबो मिठागरावरच्या मुस्तारी नावाच्या मजुराबरोबर पळून गेली. पोरगी पळाली की घराची सिरी जाते. सिरी म्हणजे अब्रूच म्हणा, पण अब्रू गेलेला माणूस तोंड लपवून का होईना जगतो, सिरी गेलेल्याला आमच्याकडे जिवंत धरत नाहीत. मग पोरीच्या बापाने, भावाने त्या दोघांना दिसतील तिथे कापायचं, अशी रीत. रीत कसली, सक्तीच. तिला एकच आडकाठी आहे. पळालेल्यांनी इमामाच्या घराचं कुंपण गाठलं की सुरा म्यानात जातो. पोचणं जमलं नाही तर पुरुषाने आपली टोपी कुंपणाच्या आत भिरकावली तरी पुरतं. टोपी आत म्हणजे दोघंही आत.

मुस्तारीने टोपी भिरकावली होती. ती कुंपणाच्या बांबूवर अडकली, निम्मी आत, निम्मी बाहेर. हप्साचे वडील, ती त्यांना तेत्ता म्हणायची, तेवढ्यासाठी थांबले नाहीत. आईने त्यांना परत बोलवायला हप्साला मागे पिटाळलं होतं, आणि ती पोचली तेव्हा सुरा मुस्तारीच्या पोटाकडे निघाला होता. तिने तो मुठीत धरला. एवढीशी पोर ती. तेत्तांनी तिच्या मुठीतून सुरा ओढून घेतला आणि जिथे घालायचा होता तिथे घातला. मुस्तारी इमामाच्या फाटकाला टेकून, आतडी हातात धरून, बराच वेळ पाणी मागत मेला. केबोच्या पाठीत वार बसला. ती जगली, पण घरात पुन्हा कुणाशी बोलली नाही. गावातली वडीलधारी मंडळी मात्र पुष्कळ बोलली. टोपी आत होती की बाहेर यावर कॉफीचे पेले रिते झाले, एका शहाण्याने सुतळी आणून मापही घेतलं. मला त्या सुतळीचा अजून संताप येतो.

तेत्ता तुरुंगात गेले. अम्मा बाजारात घोड्याच्या मांसाचा रस्सा विकायला बसली आणि हप्सा बोटांना फडकं बांधून शाळेत परत गेली. शाळेत इंडोनेशियन होती. घरात, बाजारात, भांडणात सगळी मकास्सारी. आणि मकास्सारीत माणसाला चिरायला दोन शब्द पुरतात. इंडोनेशियन कुणाच्याच घरची नव्हती. तिच्यात कुणाच्या आईबापाचा नीट उद्धारही करता यायचा नाही, राग तोंडातून बाहेर पडेपर्यंत निवून जायचा. हप्साने त्या भाषेचा हात धरला तो कायमचा. माणसं या भाषेत बोलत राहिली तर सुऱ्याला हात घालणार नाहीत, असं तिने त्या वयात मनाशी ठरवून टाकलं आणि पुढे प्राध्यापक झाली तरी ते ठरवणं बदललं नाही.

पुस्तकातून शिकवण्यात मात्र तिचा जीव रमेना. मागच्या बाकांवर पोरं झोपायची, पुढच्या बाकांवर डोळे उघडे ठेवून झोपायची. मग महामारी आली, वर्ग मोबाईलमध्ये शिरले, आणि हप्साला एक अजब गोष्ट दिसली. वर्गात नाव विचारलं तरी खाली मान घालणारी पोरं मोबाईलसमोर घडाघडा बोलत होती. तिने एक चॅनल उघडलं. प्रत्येकाने राहतो तिथे उभं राहून, एखादी गोष्ट कशी करतात ते पायरी-पायरीने, चांगल्या इंडोनेशियनमध्ये सांगायचं आणि त्याचा व्हिडिओ चॅनलवर टाकायचा. चेहरा दिसला पाहिजे, जागा दिसली पाहिजे. चॅनल सगळ्या जगाला खुलं. आईबापांनी बघावं, शेजाऱ्यांनी बघावं, कॉमेंट टाकावी. ठरलेल्या तारखेनंतर आलेल्या व्हिडिओला शून्य, मग घरी वादळ असो की लग्न. वर्ग पुन्हा भिंतींच्या आत आले तरी चॅनल राहिलं. डीनसाहेबांनी तिला शाल आणि ढाल देऊन भाषण ठोकलं. त्यांना स्वतःला मोबाईलवर फोटो पाठवता येत नसे, ते काम त्यांची बायको करी.

चॅनलवरचा पहिला व्हिडिओ काहार दाएंग लालोचा होता. ट्रकचं पंक्चर कसं काढावं. काळासावळा, आडव्या हाडाचा पोरगा, बोलायला लागला की ट्रकदेखील ऐकेल असा. हप्सा दर वर्षी नव्या वर्गाला तो दाखवायची आणि म्हणायची, "असं सांगायचं. ज्याने आयुष्यात चाक पाहिलं नाही त्यालाही चाक काढता आलं पाहिजे." वडील वारले तसं काहारने विद्यापीठ सोडलं. समुद्रकाठच्या गावांमधून वाळवलेलं शेवाळ गोळा करून शहरात आणणारा ट्रक चालवायला लागला. निरोप घ्यायला आला तेव्हा म्हणाला, "इबू," आमच्याकडे बाईंना इबू म्हणतात, "वर्ग सुटला, चॅनल नाही सुटायचं. म्हातारा होईपर्यंत तुमचं बघत राहणार." पुढे त्याची धाकटी बहीण दाविया त्याच विद्यापीठात आली, तेव्हा तोच तिला वर्गाच्या दारापर्यंत सोडून गेला.

दाविया भावासारखीच नेटकी. एक तास चुकवायची नाही, एक तारीख चुकवायची नाही. सरावासाठी जोड्या लावायच्या होत्या त्या कॉम्प्युटरने लावल्या, चिठ्ठ्या उडवल्यासारख्या, आणि दावियाच्या वाट्याला अस्रुल आला. अस्रुल शहरातल्या सायकलरिक्षावाल्याचा मुलगा, हसरा, थोडा वेंधळा. दोघांनी मोबाईलवर एकमेकांच्या चुका काढायच्या, एवढंच काम. चुका काढता काढता जे व्हायचं ते झालं. अस्रुलच्या घरच्यांनी रीतसर मागणी घातली. दावियाच्या चुलत्यांनी त्यांना पायरीवरही बसू दिलं नाही. अस्रुलचा पणजा यांच्या पणजाच्या घरी पाणी भरायला होता, म्हणजे आमच्या भाषेत गुलाम. कॉम्प्युटरला पणजे माहीत नसतात.

दोघं पळाली. बातमी वर्गात पोचली त्याच दिवशी काहार हप्साच्या खोलीत आला. दाराबाहेर चपला काढल्या, सांगितल्यावरच बसला. शर्टाच्या खाली, डाव्या कमरेला, लाकडी मूठ वर आली होती. आमचा तो आखूड सुरा, बादिक, हप्साला कापडाआडूनही ओळखता येतो.

"इबू, त्यांची जोडी कुणी लावली?"

"मशीनने."

काहारने मान हलवली. "मशीनला मारून सिरी परत येत नाही."

"काहार, बोल माझ्याशी. इंडोनेशियनमध्ये बोल. तुझ्यासारखं समजावून सांगणारा मी दुसरा पाहिला नाही. तू आतून जे काय झालंय ते पायरी-पायरीने सांग, बघ, हात थंड होतात की नाही."

"या गोष्टीला त्या भाषेत शब्दच नाही, इबू." तो उठला. "चुलते म्हणतात, ट्रकवाला झाल्यापासून तुझ्या अंगात बाईचं रक्त आलंय. पोरं माझ्या ट्रकच्या काचेवर 'पातळ नेस' असं लिहून जातात. अम्मा जेवण वाढताना माझ्याकडे बघत नाही. दाविया कुठे आहे ते तुम्हाला माहीत असेल तर सांगू नका. मला तुमच्यावर हात टाकावा लागेल, आणि ते मला जमणार नाही."

हप्साला खरंच माहीत नव्हतं. समुद्रापलीकडे बोर्निओत गेली असतील, तिथे आमची पळालेली माणसं रबराच्या मळ्यांत पिढ्यान्‌पिढ्या लपतात, अशी ती मनाची समजूत घालत होती. रस्त्यावर टोपी घातलेला माणूस दिसला तरी दचकायची. अम्माला फोन करून केबोला एकदा मोबाईल द्यायला सांगितलं. केबोने कानाला लावला, श्वास ऐकू आला, शब्द नाही.

व्हिडिओच्या शेवटच्या तारखेला सकाळचा तास होता. हप्साने नेहमीप्रमाणे मोठ्या पडद्यावर चॅनल उघडलं. चाळीसेक पोरं, पंख्यांची घरघर, कुणीतरी मागे केळ्याची भजी खात होतं. "काल-आज आलेले बघू या," ती म्हणाली आणि सगळ्यांत वरच्या व्हिडिओवर बोट ठेवलं.

पडद्यावर दाविया आली. उन्हाने काळवंडलेली, डोक्याला रुमाल बांधलेला. "नमस्कार. आज मी समुद्रशेवाळ कसं वाळवावं ते सांगणार आहे." मागे बांबूचे ओटे, त्यांवर शेवाळाचे हिरवे-तपकिरी ढीग, आणि पाठमोरा अस्रुल, हनुवटीखाली नाडी बांधलेली गवताची टोपी घालून शेवाळ उलटत होता. त्याच्या पलीकडे निळ्या घुमटाची मशीद. दावियाने पायऱ्या सांगितल्या, एक शब्द इकडचा तिकडे नाही. पळताना मोबाईलचं कार्ड फेकून दिलेली पोरगी, नातेवाइकांचे रस्ते टाळून आलेली पोरगी, पण शून्य नको म्हणून ठरलेल्या तारखेला हजर. वर्ग म्हणजे काही घर नव्हे, इथे कोण आपल्याला मारायला येणार, असं तिला वाटलं असणार. शेवाळ तर साऱ्या किनाऱ्यावर वाळतं. तिने चेहरा दाखवला, जागाही दाखवली. इबूंचा नियम होता.

व्हिडिओखाली एकच कॉमेंट होती, तासाभरापूर्वीची, काहारची. स्वच्छ, नीटस इंडोनेशियनमध्ये लिहिलं होतं: छान समजावलं आहे. मशीद ओळखीची वाटते. मी भेटीला येत आहे.

या माणसाने किनाऱ्यावरचा एकेक ओटा ट्रकच्या खिडकीतून पाहिलेला. हप्साने व्हिडिओ काढून टाकला, आणि काढताना तिला कळत होतं की आता त्याचा काही उपयोग नाही. "कुणाला माहीत आहे ते गाव?" तिने विचारलं. एका पोराने नाव सांगितलं. मोटरसायकलने दीड-दोन तास. "पोलिसांना फोन लावा," ती म्हणाली, आणि तीन पोरं फोन घेऊन बाहेर धावली. चौकीतून उत्तर आलं की ते गाव त्यांच्या हद्दीत येत नाही.

दावियाचा नंबर बंद होता. एकच वाट उरली. हप्साने चॅनलवर लिहिलं, ऑनलाइन तास आत्ता सुरू होत आहे, सर्वांनी ताबडतोब यावं, आणि खोली उघडली. मग ती पडद्याकडे बघत उभी राहिली. पडद्यावर आधी समोर बसलेल्या पोरांचीच नावं आली, मग घरून शिकणाऱ्यांची. मग काहार हे नाव आलं. चित्र नाही, नुसतं नाव आणि वाऱ्याचा आवाज. हेल्मेटच्या आत कानाला मोबाईल लावून तो गाडी चालवत होता. हप्साने एक बोट दाबून त्याला बाहेर काढलं. तो वर्गात होता तेव्हा तिने त्याला कधी बाहेर काढलं नव्हतं.

थोड्या वेळाने दाविया आली. शेवाळवाल्या मालकिणीच्या घरचं वायफाय वापरत होती. "सलाम, इबू. आज अचानक तास? मी माझा व्हिडिओ वेळेत..."

"दाविया, ऐक. काहारने व्हिडिओ पाहिला. तो निघालाय. गावात इमामाचं घर कुठे आहे?"

दावियाचा चेहरा पांढरा पडला. "मशिदीच्या मागे. पण इमाम शहरात इस्पितळात आहेत, फाटकाला कुलूप आहे. आम्ही त्यांची वाट बघत थांबलोय, इबू. ते आले की..."

"वाट बघा म्हणून कुणी सांगितलं तुम्हाला? कुलूप असलं म्हणून काय झालं. कुंपण आहे ना? टोपी आत पडली की झालं."

अस्रुल तिच्या खांद्यावरून पुढे वाकला. शहरातला पोरगा, तोंड उघडं. "टोपी कसली, इबू?"

"तुला कुणी सांगितलं नाही?"

"आमच्याकडे कोण पळून जातंय. माझ्याकडे काळी टोपी नाही, नमाजाची घरीच राहिली. ही गवताची आहे, मालकिणीकडची."

"तीच घे. चल, पळ. दोघंही पळा. मोबाईल बंद करू नका, मला दिसू दे."

पडदा हलायला लागला. दावियाच्या हातातला मोबाईल कधी वाळू दाखवी, कधी आभाळ, कधी अस्रुलची अनवाणी पावलं. वर्गातली पोरं उभी राहिली होती. कुणी नकळत "डावीकडून, डावीकडून" म्हणत होतं, जसं काही धावताना त्यांना ऐकू जाणार होतं. बांबूचे ओटे मागे पडले. मशीद मालकिणीच्या घराजवळच, तरी वायफाय तुटतं की काय असं होऊन चित्र थबके, मग पुन्हा उडी मारून पुढे जाई. मशिदीची निळी भिंत आली. भिंतीच्या कडेने बांबूचं कुंपण दिसायला लागलं, आतली केळीची झाडं दिसायला लागली. आणि मोटरसायकलचा आवाज आला.

तो लवकर पोचला होता. गाडी थांबवण्याच्या भानगडीत पडला नाही, तशीच पडू दिली. पडद्यावर रस्ता उभा झाला, आडवा झाला. दावियाची किंकाळी. अस्रुलचा हात, हनुवटीखालच्या नाडीशी झगडणारा. वाऱ्याने उडू नये म्हणून त्याने गाठीवर गाठ मारली होती. मग तोच हात गाठ सोडून पुढे आला आणि दावियाला ढकललं. मोबाईल खाली पडला, आभाळाकडे तोंड करून.

त्यानंतर पडद्यावर फक्त आभाळ होतं आणि कोपऱ्यात कुंपणाच्या बांबूची टोकं. आवाज मात्र सगळे आले. ओल्या पोत्यावर दांडकं बसावं तसा एक आवाज, मग दुसरा, मग दादा म्हणावं तसं अस्रुलचं "दाएंग, दाएंग, थांबा," मग आणखी एक. वर्गात एका पोरीने कान झाकले. एक पोरगा बाकावर ओकला. हप्सा पडद्यापासून हातभर अंतरावर उभी होती आणि तिची वळणारी सगळी बोटं मुठीत गेली होती, न वळणारी दोन तशीच ताठ.

आणि गवताची टोपी पडद्यावरून उडत गेली. कुणाच्या हातून सुटली ते दिसलं नाही; उजवीकडून आली, आभाळातून गेली, डावीकडे नाहीशी झाली. नाडी तुटून लोंबत होती. कुंपण कुठल्या बाजूला होतं, ती आत पडली की बांबूवर अडकली, हे त्या पडद्यावरून कुणालाच दिसणं शक्य नव्हतं.

"लालो." हप्सा ओरडली. त्या वर्गात तिने पहिल्यांदाच मकास्सारीत तोंड उघडलं, आणि अम्मा बाजारात गिऱ्हाइकाला हाक मारायची तसा आवाज निघाला. "दाएंग लालो. टोपी आत पडली. मी पाहिलंय. आता तुझ्या बहिणीला हात लावलास तर तुझ्या सिरीवर कुत्रं मुतेल."

पलीकडे धापा.

"आत पडली," मागच्या बाकावरचा एक पोरगा म्हणाला. "आम्ही पाहिली," दुसरी म्हणाली. मग सगळा वर्ग बोलायला लागला, मकास्सारीत, बुगीत, ज्याला जे येईल त्यात. आत पडली. आम्ही साक्षीला आहोत. चाळीस जण खोटं बोलत होते, आणि त्यांना शिकवणारी बाई सगळ्यांत पुढे.

कुणीतरी मोबाईल उचलला. पडदाभर काहारचा चेहरा आला. गालावर, भुवईवर रक्त उडालेलं, ओठ पांढरे. त्याने मान वळवून कुंपणाकडे पाहिलं, बराच वेळ, मग पुन्हा पडद्याकडे.

"पडलीय आत," तो म्हणाला. "केळीच्या बुंध्याशी." सुरा त्याने शर्टाला पुसला नाही, तसाच म्यानात घातला. "पण उशिरा पडली, इबू. तो आधीच गेला. मला वर्गातून बाहेर का काढलंत? मी ऐकत होतो."

काहारने मोबाईल दावियाच्या बाजूला, जमिनीवर, हळूच ठेवला. मग तो रस्त्याच्या मधोमध बसून राहिला आणि पोलीस आले तेव्हाही तिथेच बसलेला होता.

पुढचं सगळं ठरल्यासारखं झालं. पोलिसांनी त्या तासाचं रेकॉर्डिंग नेलं. डीनसाहेबांनी ढाल दिलेल्या हातानेच चॅनल बंद करण्याचा हुकूम काढला. आपण या असल्या आधुनिक प्रकारांना पहिल्यापासून विरोध केला होता, असं ते वार्ताहरांना म्हणाले. गावात कॉफीवर मंडळी बसली. इस्पितळातून परत आलेले इमामही बसले. गवताची टोपी टोपीत धरायची का, यावर मतं पडली. काळी असती तर गोष्ट वेगळी, असं एक म्हातारा म्हणाला म्हणे. माझ्या हातात त्या वेळी काही असतं तर मीही कुणाच्या तरी डोक्यात घातलं असतं. अस्रुलला सायकलरिक्षावाल्या बापाने शहरात आणून पुरलं. काहारला शिक्षा झाली आणि चुलत्यांनी तुरुंगात त्याला कपड्यांचा नवा जोड आणि मिठाई पाठवली.

दावियाला घरच्यांनी मेलेली धरलं. टोपीमुळे तिला मारता येत नव्हतं आणि घरात घेता येत नव्हतं. हप्सा तिला आपल्या दोन खोल्यांत घेऊन आली. पहिले कित्येक दिवस पोरगी भिंतीकडे तोंड करून झोपायची, आणि हप्साला केबो आठवायची. ही पण गप्प झाली तर, एवढीच भीती. ती दावियाशी इंडोनेशियनमध्ये बोलून बघायची, मकास्सारीत बोलून बघायची, उत्तर नाही. भाषेने सुरा थांबतो हे जन्मभर उराशी धरलेलं तिचं म्हणणं तिने आता कुणाजवळ बोलून दाखवलं नाही. थांबला होता, पण टोपीने आणि खोट्या साक्षीने.

सुट्टी संपत आली. एका सकाळी दाविया उठून बसली आणि म्हणाली, "इबू, माझ्या व्हिडिओचं काय झालं? तुम्ही तो काढून टाकलात. म्हणजे मला शून्य?"

"नाही गं. तू परत टाक. चॅनल बंद केलं तरी मी दुसरं उघडलंय. डीनला माहीत नाही."

"तारीख उलटली."

"तुझ्यासाठी नाही उलटली."

"आणि जागा दाखवायची?"

"नाही. तो नियम गेला. मागे कोरी भिंत ठेव."

दावियाने हप्साच्या घरच्या पांढऱ्या भिंतीपुढे उभं राहून व्हिडिओ केला. कुणाला मदतीला घेतलं नाही. पोलिसांनी परत केलेली गवताची टोपी तिच्या हातात होती. हप्सा स्वयंपाकघरात भात उकळत ठेवून दाराआडून ऐकत राहिली.

"नमस्कार. आज मी टोपी कशी फेकावी ते सांगणार आहे. साहित्य: एक टोपी. पहिली पायरी. धोक्याच्या दिवसांत टोपी डोक्यावर घालू नये, हातात धरावी. नाडी असेल तर आधीच कापून टाकावी, कारण गाठ सोडायला वेळ लागतो. दुसरी पायरी. फाटक उघडायची किंवा कुणी परत यायची वाट बघू नये. कुंपण दिसलं की फेकावी." ती थांबली. आवाज हलला नाही. "तिसरी पायरी. टोपी फेकण्याआधी बरोबरच्या माणसाला पुढे ढकलू नये. आधी फेकावी. वेळ उरला तर मग ढकलावं. धन्यवाद."

भात खाली लागल्याचा वास आला तेव्हा हप्सा भानावर आली. व्हिडिओ बघणाऱ्याने टोपी कधी पाहिली नसेल तरी त्याला ती फेकता आली असती. तिने तो चॅनलवर टाकला आणि सगळ्या जगाला खुला ठेवला.

बरेच दिवस कुणी काही लिहिलं नाही. मग एकदा खाली एक कॉमेंट आली. नाव नाही, फोटोच्या जागी घोड्याचं तोंड, इंडोनेशियन अगदी शाळकरी. लिहिलं होतं: आम्ही आजच निघतोय. गवताची टोपी चालते का?

हप्साने दावियाला हाक मारली. दाविया ओल्या हातांनी आली, वाचलं, हात स्कर्टला पुसले आणि लिहिलं: चालते.